इट हॅपन्ड वन नाइट

अमेरिकन प्रणयविनोदी बोलपट. कृष्णधवल, लांबी १०५ मिनिटे, प्रदर्शन फेब्रुवारी १९३४. निर्मिती : कोलंबिया पिक्चर्स. दिग्दर्शन : फ्रँक काप्रा. पटकथा : रॉबर्ट रिस्किन. छायाचित्रण : जोसेफ वॉकर. प्रमुख भूमिका : क्लार्क गेबल, क्लॉडेट कोल्बेर, वॉल्टर कॉनली, रॉस्को कार्न्स.

लक्षाधीशाची हट्टी मुलगी आणि नुकतीच नोकरी गमावलेला वार्ताहर मायामीहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या बसमध्ये शेजारी येतात आणि वाटेत भांडता भांडता एकमेकांचे होतात, एवढीच या चित्रपटाची गोष्ट. एकमेकांना मुळीच न शोभणाऱ्या दोघांचे प्रेम जुळवणाऱ्या चित्रपटांची जी मोठी परंपरा पुढे जगभर तयार झाली, तिचा साचा मुख्यतः याच चित्रपटाने घालून दिला. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा या पाचही प्रमुख विभागांत ऑस्कर मिळवणारा हा पहिला चित्रपट. हिंदीत त्याच्यावरून ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) हे दोन गाजलेले चित्रपट निघाले.

कथानक : एली अँड्र्यूज हिने वडिलांच्या मनाविरुद्ध किंग वेस्टली या छानछोकी वैमानिकाशी लग्न केले आहे. हे लग्न रद्द करवून घ्यायचे या निश्चयाने वडिलांनी तिला मायामीच्या बंदरात आपल्या खासगी नौकेवर अडकवून ठेवले आहे. एली समुद्रात उडी टाकते, पोहत किनारा गाठते आणि नवऱ्याकडे जाण्यासाठी न्यूयॉर्कची रात्रीची बस पकडते. त्याच बसमध्ये पीटर वॉर्न आहे. संपादकाशी फोनवर भांडून त्याने नुकतीच नोकरी घालवली आहे.

वाटेत एलीची बॅग चोरीला जाते. एका थांब्यावर ती उशिरा परतते आणि बस तिला सोडून निघून जाते. बस आपल्यासाठी थांबेल अशी तिची समजूत असते, कारण आजवर सगळे तिच्यासाठी थांबत आलेले असतात. पीटर तिला ओळखतो आणि तिच्यापुढे सौदा ठेवतो : पलायनाची हकीकत छापण्याचा हक्क त्याला द्यायचा, त्याबदल्यात तो तिला न्यूयॉर्कला पोहोचवील. इकडे वडील दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर करतात. पावसाने पूल वाहून जातो, रस्त्याकडेच्या मुक्कामाच्या खोलीत दोघांना एकत्र रात्र काढावी लागते, पुढे बसही सोडावी लागते. शेतातल्या गवतात झोप, कच्ची गाजरे आणि अनोळखी मोटारींपुढे अंगठा दाखवणे असा त्यांचा प्रवास सुरू होतो.

न्यूयॉर्क जवळ आल्यावर एली पीटरपुढे मन मोकळे करते. तिला मागणी घालायची तर हातात काही पैसे हवेत, म्हणून ती झोपेत असताना पीटर बातमी विकायला शहरात जातो. जागी झालेल्या एलीला वाटते, हा आपल्याला सोडून गेला. ती वडिलांना फोन करते आणि घरी परतते. वेस्टलीशी तिचा विवाहसोहळा थाटात ठरतो, वर स्वतःच्या ऑटोजायरोतून (हेलिकॉप्टरसारख्या छोट्या विमानातून) मांडवात उतरतो. पण त्याआधी पीटर वडिलांना भेटून गेलेला असतो. दहा हजारांच्या बक्षिसाला तो हात लावत नाही. प्रवासात झालेला ३९ डॉलर ६० सेंट एवढा खर्च तेवढा मागतो. मुलीवर खरे प्रेम कोणाचे आहे, हे बापाला त्या हिशोबातून उमगते. वधूला वेदीकडे नेता नेता तो तिच्या कानात ते सांगतो आणि एली भर लग्नातून पळ काढते.

निर्मिती : चित्रपटाचे मूळ सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांच्या ‘नाइट बस’ या कथेत आहे. ती १९३३ मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात आली होती. अ‍ॅडम्स हे शोधपत्रकार होते. पेटंट औषधांच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीवर १९०५ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखमालेचा पुढच्या वर्षीच्या अन्न व औषध कायद्याला मोठा हातभार लागला. त्यांच्या कथेतला नायक मात्र पत्रकार नव्हता. त्याला वार्ताहर करण्याचा बदल पटकथेत झाला आणि तो निर्णायक ठरला. नायकाला बातमी हवी आणि नायिकेला लपायचे आहे, हा ताण त्यातूनच आला.

कोलंबिया ही त्या काळी हॉलिवूडमधली धाकटी, काटकसरीने चालणारी कंपनी होती. मोठे तारे तिच्या पगारावर नव्हते. ते इतर कंपन्यांकडून उसने आणावे लागत. रॉबर्ट मॉन्टगोमेरी आणि मर्ना लॉय यांनी हा चित्रपट नाकारला. अखेर मेट्रो-गोल्डविन-मेयरकडून गेबल आला आणि पॅरामाउंटची कोल्बेर ५० हजार डॉलर मानधनावर तयार झाली. चार आठवड्यांत काम उरकले पाहिजे ही तिची अट होती. काप्राबद्दल तिला फारसा विश्वास नव्हता. तिचा पहिला चित्रपट ‘फॉर द लव्ह ऑफ माइक’ (१९२७) त्यानेच दिग्दर्शित केला होता आणि तो साफ पडला होता. १९३३ च्या अखेरीस चित्रण संपले तेव्हा आपण एका अत्यंत वाईट चित्रपटातून सुटलो, असे तिने मित्रांना सांगितल्याचे नोंदले गेले आहे.

काप्रा (१८९७–१९९१) सिसिलीत जन्मला. लहानपणीच तो कुटुंबासह स्थलांतरित म्हणून अमेरिकेत आला. मध्यमवर्ग आणि गरीब यांच्याविषयी त्याला वाटणारी जवळीक त्याच्या पुढच्या अनेक चित्रपटांत दिसते. ‘मिस्टर डीड्स गोज टू टाउन’ (१९३६) आणि ‘यू कान्ट टेक इट विथ यू’ (१९३८) हे रिस्किनबरोबरचे चित्रपट याच वाटेवरचे आहेत.

वैशिष्ट्ये : चित्रपट आला तेव्हा अमेरिका महामंदीत होती. १९३३ साली देशातले सुमारे चतुर्थांश कामगार बेकार होते. काप्राने मंदीवर भाषण केले नाही. ती बसच्या बाकांवर बसवली. एक बाई उपासाने चक्कर येऊन पडते, तिचा मुलगा रडू लागतो आणि त्यांच्याजवळ खायला पैसे नसल्याचे कळते. त्या मुलाच्या हाती पैसे ठेवल्यावर पीटर आणि एली स्वतःच कंगाल होतात. त्याच बसमध्ये उतारू एकसुरात गाणे म्हणतात, अनोळखी माणसे कडवी वाटून घेतात आणि आजवर अशा गर्दीत कधी न बसलेली एली मनापासून हसते. पार्श्वसंगीत फारच थोडे आहे, त्यामुळे हे गाणे प्रवाशांचेच वाटते.

प्रेम जुळण्याची रीत हे या चित्रपटाचे खरे वेगळेपण. इथे आर्जवे नाहीत, स्तुती नाही. जवळीक वाढते ती रोजच्या व्यवहारातून. पैसे किती उरले, अंडे कोणी खायचे, पलंग कोणाचा, हे ठरवता ठरवता दोघे एकमेकांना ओळखू लागतात. सकाळी पीटर न्याहारी करतो आणि डोनट कॉफीत कसा बुडवावा याचे धडे एलीला देतो. लक्षाधीशाच्या मुलीला ही कला येत नाही, म्हणून तो तिची कीव करतो. थोड्याच वेळात वडिलांचे गुप्तहेर दार ठोठावतात. क्षणाचाही विचार न करता दोघे कडाकडा भांडणाऱ्या नवराबायकोचे सोंग आणतात. तो ओरडतो, ती रडते, हेर ओशाळून निघून जातात. यापूर्वी त्यांचे एकाही गोष्टीवर एकमत झालेले नसते. या सोंगात मात्र एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने अचूक झेललेला दिसतो. ही जोडी जमणार, हे प्रेक्षकाला इथे कळते. त्यांना स्वतःला ते कळायला आणखी बराच प्रवास लागतो.

एका खोलीत रात्र काढताना पीटर दोन पलंगांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो आणि तिला ‘जेरिकोची भिंत’ म्हणतो. बायबलमधल्या कथेत जेरिको नगरीचा तट रणशिंगांच्या नादाने कोसळतो. ही घोंगडी चित्रपटभर काम करते. तिच्यामुळे सभ्यता राखली जाते, तिच्याआडून मनातले बोलता येते आणि शेवटी तीच खाली येते. शेवटच्या प्रसंगात नायक-नायिका पडद्यावर दिसतही नाहीत. मुक्कामाच्या जागेचे मालक नवराबायको आपसांत बोलतात की या नव्या जोडप्याने दोरी, घोंगडी आणि खेळण्यातली तुतारी कशाला मागवली असेल. मग तुतारीचा आवाज येतो, घोंगडी पडते आणि खोलीतला दिवा मालवतो. चित्रपटांवरील नैतिक संहितेची कडक अंमलबजावणी १९३४ च्या मध्यापासून सुरू झाली. हा चित्रपट त्याच्या काही महिने आधी आला. तरीही काप्रा आणि रिस्किन यांनी सूचकतेचा जो मार्ग निवडला, तोच पुढे संहितेच्या चौकटीत काम करणाऱ्या लेखक-दिग्दर्शकांना उपयोगी पडला.

मोटारी थांबवण्याचा प्रसंग तर चित्रपटाची ओळखच बनला आहे. अंगठा दाखवण्याच्या तीन पद्धती पीटर मोठ्या ऐटीत समजावून देतो आणि एकही मोटार थांबत नाही. मग एली रस्त्याकडेला जाते, झगा गुडघ्यावर उचलते आणि पहिलीच मोटार करकचून थांबते. कोल्बेरने आधी या दृश्याला नकार दिला होता. पायांसाठी दुसरी मुलगी आणल्यावर तिने स्वतःच ते केले, अशी आठवण काप्राने सांगितली आहे. या प्रसंगाला केवळ गमतीपलीकडे महत्त्व आहे. इथपर्यंत पीटर शिकवतो आणि एली शिकते असा क्रम असतो. इथे तो उलटतो आणि दोघे बरोबरीचे होतात.

भूमिकांची वाटणीही विचारपूर्वक झाली आहे. गेबल तोवर रांगड्या, दांडगट भूमिकांसाठी ओळखला जाई. काप्राने त्याच्यातला मिस्कील आणि काळजी घेणारा माणूस बाहेर आणला. कोल्बेरने एलीचा तोरा आणि तिचे एकटेपण यांपैकी काहीही सुटू दिले नाही. वॉल्टर कॉनलीचा बाप सुरुवातीला जुलमी वाटतो, पण मुलीला लग्नातून पळायला सांगणारा तोच असतो. खलनायक असा कोणी नाही. वेस्टली पोकळ आहे, दुष्ट नाही.

प्रतिसाद व पुरस्कार : न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये चित्रपट एकच आठवडा चालला. पण छोट्या शहरांतल्या चित्रपटगृहांत तो पोहोचला तशी तोंडोतोंडी कीर्ती झाली आणि लोक पुन्हा पुन्हा पाहायला येऊ लागले. २७ फेब्रुवारी १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलातील समारंभात त्याने पाचही प्रमुख ऑस्कर पटकावली. आपल्याला पारितोषिक मिळेल अशी आशा नसल्याने कोल्बेर न्यूयॉर्कच्या गाडीत बसायला निघाली होती. तिला स्टेशनावरून आणले गेले आणि प्रवासाच्याच कपड्यांत तिने पुरस्कार स्वीकारला. पाचही विभाग जिंकण्याचा असा पराक्रम त्यानंतर फक्त ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ (१९७५) आणि ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) यांनाच साधला. गेबल आणि कोल्बेर दोघांनाही आयुष्यात स्पर्धेतले ऑस्कर मिळाले ते एवढेच. गेबलची ती ऑस्कर बाहुली दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गने १९९६ मध्ये लिलावात ६ लाख ७ हजार ५०० डॉलरना विकत घेऊन ऑस्कर देणाऱ्या अकादमीला परत दिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदपटात या चित्रपटाचा समावेश १९९३ मध्ये झाला.

त्याच्याभोवती दंतकथाही जमल्या. गेबल शर्ट काढतो तेव्हा आत बनियन नसते, म्हणून देशभर बनियनचा खप घसरला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला ठोस आधार नाही. गाजर चघळत भराभर बोलणाऱ्या गेबलचा प्रभाव बग्ज बनी या व्यंगपटातल्या सशावर पडला, हे मात्र त्या सशाच्या निर्मात्यांपैकी काहींनी स्वतः सांगितले आहे.

प्रभाव : हॉवर्ड हॉक्सचा ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’ही १९३४ सालचाच. या दोन चित्रपटांपासून ‘स्क्रूबॉल’ विनोदपटांचे युग सुरू झाले असे मानले जाते. वेगवान संवाद, वरचढ ठरू पाहणारी नायिका आणि वर्गभेदातून उडणारे खटके ही त्यांची लक्षणे. हॉक्सचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) हा याच घराण्यातला. पळून आलेली राजकन्या आणि तिची बातमी मिळवू पाहणारा वार्ताहर यांच्यावरचा ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) हाही त्याचा जवळचा नातलग. तिथे मात्र दोघांची ताटातूट होते.

भारतात ही कथा सहज रुजली. मद्रासच्या एव्हीएमने काढलेल्या आणि अनंत ठाकूर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘चोरी चोरी’त राज कपूर वार्ताहर, नर्गिस धनिककन्या आणि प्राण वैमानिक होता. नायक-नायिका म्हणून राज-नर्गिस जोडीचा हा अखेरचा चित्रपट. शंकर-जयकिशन यांना त्याच्या संगीतासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्या सोहळ्यात या चित्रपटातले ‘रसिक बलमा’ गाण्यास लता मंगेशकरांनी नकार दिला. पार्श्वगायकांसाठी पुरस्कारच नसेल तर आपण का गावे, असा त्यांचा सवाल होता. १९५९ पासून फिल्मफेअरने पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू केला. बंगालीत उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन यांचा ‘चाओआ पाओआ’ (१९५९) आला. महेश भट्ट यांच्या ‘दिल है के मानता नहीं’मध्ये आमिर खान आणि पूजा भट्ट यांचा प्रवास मुंबई ते बंगळूर असा झाला. त्याच्या शीर्षकगीतासाठी अनुराधा पौडवाल यांना फिल्मफेअर मिळाले. हिंदी रूपांतरांत नात्याची ऊब गाण्यांतून येते. मूळ चित्रपटात ती डोनट, गाजर आणि घोंगडी यांतून येते. दोन्ही वाटा आपापल्या ठिकाणी खऱ्या आहेत.

मूल्यमापन : नायकाचा दांडगावा आणि नायिकेला ‘वळण लावण्या’ची भाषा आजच्या प्रेक्षकाला खटकते आणि ते रास्तच आहे. बापापुढे पीटर तिला रोज एक चपराक देणारा नवरा हवा असे म्हणतो. हे वाक्य आज हसण्यावारी नेता येत नाही. तरीही चित्रपटाचा गाभा टिकून आहे. पैसा, प्रतिष्ठा आणि अहंकार यांचा एकेक थर उतरवत दोन माणसांना समान पातळीवर आणण्याचे काम त्याने १०५ मिनिटांत, मोजक्या जागांत आणि साध्या वस्तूंच्या आधाराने केले. प्रणयविनोदी चित्रपटांत त्याच्याइतकी नेटकी बांधणी आजही क्वचितच आढळते.