कर्नल क्रॉम्प्टन: गल्लीपुरती वीज आणि जगभरची मापं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाबातल्या ब्रिटिश फौजेचं सामान बैलगाड्यांतून जायचं. रायफल ब्रिगेडमधल्या एका तरुण अधिकाऱ्याला ती संथ चाल सोसवेना. रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन हे त्याचं नाव, जन्म १८४५चा, यॉर्कशायरमधला. रस्त्यावर चालणारं वाफेचं इंजिन बांधायचं वेड त्याला शाळेपासूनचं. बैल सोडा आणि इंजिनं जुंपा, असं त्याने सरकारला सुचवलं आणि ते मान्यही झालं. आर. डब्ल्यू. थॉमसन या स्कॉटिश संशोधकाच्या रचनेची, चाकांवर जाड भरीव रबर चढवलेली ही इंजिनं होती. त्यांना पंजाबच्या नद्यांची नावं दिली होती. त्यांतल्या ‘रावी’ने १८७१ मध्ये इप्सविचहून एडिंबरापर्यंतचा रस्ता स्वतःच्या चाकांवर कापून दाखवला. पण पुढचे दिवस रेल्वेचे होते. क्रॉम्प्टन मायदेशी परतले.

विजेकडे ते वळले ते कामाच्या गरजेतून. नातेवाइकांच्या स्टँटन इथल्या लोखंडाच्या कारखान्यात रात्रपाळी चालवायची होती आणि त्यासाठी भरपूर उजेड हवा होता. पॅरिसहून ग्राम या संशोधकाच्या पद्धतीचे डायनामो आले, त्यांवर आर्कदिवे लागले. या दिव्यात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी सतत पेटती राहते. कांड्या जळून आखूड होतात, मधलं अंतर वाढतं आणि उजेड फडफडू लागतो. हे अंतर सांभाळणारी यंत्रणा क्रॉम्प्टन यांनी हलकी आणि चपळ केली. १८७८ मध्ये चेम्सफर्डला त्यांची कंपनी उभी राहिली.

त्यांचं सर्वांत देखणं काम लंडनच्या केन्सिंग्टन कोर्टमधलं. १८८६-८७ मध्ये तिथल्या घरांसाठी त्यांनी वस्तीतच वीजकेंद्र उभारलं. विलन्स बनावटीची वेगवान वाफेची इंजिनं थेट डायनामोला जोडलेली होती. रस्त्याखालच्या भुयारी मार्गांतून तांब्याच्या उघड्या पट्ट्या इन्सुलेटरांवर ताणून घराघरांत नेल्या होत्या. जोडीला बॅटऱ्या. मागणी कमी असली की त्या भरून ठेवायच्या आणि मध्यरात्रीनंतर इंजिनं बंद करून त्यांच्यावर दिवे चालवायचे.

हे सगळं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. क्रॉम्प्टन त्याच पक्षाचे खंदे पुरस्कर्ते होते आणि समोर होते तरुण सेबास्टियन द फेरांटी. त्यांनी डेप्टफर्डला प्रचंड केंद्र बांधून १०,००० व्होल्टची एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज मैलोन्‌मैल दूर लंडनमध्ये आणायचा घाट घातला होता. क्रॉम्प्टन यांची बाजू जुनाट किंवा हट्टाची नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. एसी वीज बॅटरीत साठवता येत नाही, त्यामुळे चार दिव्यांसाठीही रात्रभर इंजिन धडधडत ठेवावं लागे. पण कमी दाबाची डीसी वीज मैलभर गेली की तारांतच वाया जाऊ लागते. शहरं पसरली, वीज लांबवर न्यावी लागली आणि निकाल उंच दाबाच्या एसीच्या बाजूने लागला.

पुढे क्रॉम्प्टन यांच्या कंपनीचंच नाव एसी यंत्रांवर आलं, तेही हिंदुस्थानात. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग इथे नोव्हेंबर १८९७ मध्ये आपल्याकडचं पहिलं जलविद्युत केंद्र सुरू झालं. तिथली दोन जनित्रं क्रॉम्प्टन-ब्रंटन बनावटीची, प्रत्येकी ६५ किलोवॅटची. त्यांची वीज २३०० व्होल्टची आणि फ्रीक्वेन्सी सेकंदाला ८३.३ आवर्तनं! आज आपल्याकडे सगळीकडे ५० आहे. तेव्हा मात्र ज्याला जे सोयीचं वाटे तो आकडा तो धरी.

हा गोंधळ निस्तरण्याचं काम क्रॉम्प्टन यांनी साठीच्या उंबरठ्यावर अंगावर घेतलं, आणि त्यांच्या साऱ्या कामांत मोलाचं हेच. १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला भरलेल्या विद्युत परिषदेत त्यांनी प्रमाणीकरणावर निबंध वाचला. विजेच्या यंत्रांची परिभाषा आणि क्षमता मोजायची रीत सगळ्या देशांनी मिळून ठरवावी, असा ठराव तिथे झाला. त्याचा पाठपुरावा क्रॉम्प्टन यांनी केला. १९०६ मध्ये लंडनला प्रतिनिधी जमले आणि आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग, म्हणजे आयईसी, जन्माला आला. लॉर्ड केल्विन पहिले अध्यक्ष झाले.

१९२७ मध्ये क्रॉम्प्टन यांची कंपनी पार्किन्सन यांच्या विद्युत कंपनीत मिसळली आणि ‘क्रॉम्प्टन पार्किन्सन’ झाली. दहा वर्षांनी क्रॉम्प्टन पार्किन्सनने मुंबईत बस्तान बसवलं. तिथूनच पुढे क्रॉम्प्टन ग्रीव्ह्‌ज हे नाव घरोघरी पोचलं. कर्नल क्रॉम्प्टन १९४० मध्ये, वयाच्या ९४व्या वर्षी गेले. आयईसीचं काम चालूच आहे. तिथे भारताच्या बाजूने भारतीय मानक ब्युरो असतो आणि आपल्याकडच्या अनेक मोटरच्या पाट्यांवर व्होल्ट-किलोवॅटच्या शेजारी ‘आयईसी ६००३४’ हा क्रमांक ठोकलेला असतो.