तेलाचे शॉकअप आणि त्यांची कसोटी

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीचेच कमानी पाटे होते. पाटा धक्का झेलतो, पण जिरवत नाही. खड्डा मागे पडला तरी गाडी डोलतच राहते. घोड्याच्या चालीला ते खपून गेले, मोटारीच्या वेगाला खपेना. मग फ्रान्समध्ये त्रुफो आणि अमेरिकेत हार्टफर्ड यांनी आवळलेल्या चकत्यांच्या घर्षणावर चालणारे शॉकअप, म्हणजेच शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणले. त्यांची खोड अशी, की बारीक गचक्याला ते जागचे हलत नसत आणि मोठ्या गचक्याला त्यांचा जोर वाढत नसे. म्हणजे नेमके उलटे काम.

ही खोड तेलाने मोडली. बारीक छिद्रातून तेल जितक्या वेगाने ढकलावे, तितका त्याचा विरोध वाढतो. मोरिस हूदाय या फ्रेंच संशोधकाने पहिल्या महायुद्धाआधीच या तत्त्वावर शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवले होते. 1927च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’मुळे ते सामान्यांच्या मोटारीला लागले. त्याआधीच्या ‘मॉडेल टी’ला ते नव्हतेच.

पण विरोध वेगावर ठरू लागल्यावर त्याची परीक्षा अवघड झाली. मडगार्ड दाबून सोडायचे आणि गाडी किती वेळा उसळते ते बघायचे, ही गॅरेजातली रीत आजही चालते; तिने फक्त पार निकामी झालेला शॉकअप कळतो. खरी कसोटी यंत्रावर. शॉकअपचे एक टोक बलमापकाला जखडतात, दुसरे फिरत्या भुजेने खालीवर चालवतात. सरक आणि बल यांचा आलेख एका बंद वळशासारखा उमटतो. वळशाच्या पोटातले क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीत उष्णता होऊन गेलेली ऊर्जा. तेलात हवा शिरली असेल, तर दिशा बदलताना वळशाला खोक पडते. तेल तापून पातळ झाले, की वळसा बारीक होतो. म्हणूनच ही चाचणी थंड आणि गरम, दोन्ही अवस्थांत घ्यावी लागते.

शॉकअप बनवण्याचा उद्योग पुणे जिल्ह्यात उशिरा आला. याच जिल्ह्यातल्या जुन्नरचा प्राचीन व्यापार नाणेघाटातून जनावरांच्या पाठीवर चाले. तिथे गाडीच चढत नसे, मग पाट्याचा प्रश्न कुठला! 1961मध्ये मुंबईत गॅब्रिएल इंडिया ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवणारी कंपनी निघाली. पुढे तिचे कारखाने पुणे जिल्ह्यातील चाकण आणि नाशिक येथे झाले.  वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय संस्था पुण्यात 1966मध्ये स्थापन झाली.

यंत्राने चाचणीसाठी रस्त्याची गरज मात्र संपली नाही. ब्रिटनमध्ये ‘मायरा’ संस्थेने बेल्जियमच्या दगडी फरसबंद रस्त्याची मुद्दाम नक्कल बांधली. अहिल्यानगरजवळ लष्करी वाहनांसाठी व्हीआरडीई या संस्थेचे चाचणीमार्ग आहेत.