आधी माणूस, मग रँकिंग

अमेरिकेतल्या अर्जांचा हंगाम आला, की धाकट्या मंडळींचा प्रश्न ठरलेला: "रँकिंग कितवं?" मीही तेच बघून अर्ज केले. माझ्या विषयातलं तिथं कुणीच नाही, हे पोचल्यावर कळलं. दोन वर्षं गेली.

राज रेड्डी १९६३ साली स्टॅनफर्डला गेले, तेव्हा तिथं संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभागही नव्हता. तो १९६५ साली झाला. रेड्डींची पदवी मद्रासच्या गिंडीची, तीही सिव्हिलची! पण आदल्याच वर्षी तिथं जॉन मॅकार्थी आले होते. त्यांच्याच हाताखाली, संगणकाला माणसाचं बोलणं ओळखता यावं यावर काम करून, रेड्डींनी १९६६ साली डॉक्टरेट मिळवली. १९९४ साली ट्युरिंग पुरस्कारही.

तेव्हा यादी ठेवा बाजूला. आधी प्राध्यापकांचे पेपर वाचा.