हॅकेथॉनच्या आधी प्रात्यक्षिक

जीवशास्त्राच्या मुलांना संगणकाची धास्ती असते, अभ्यासक्रम बदलायला वर्षे जातात, म्हणून हॅकेथॉन भरवा, असा पूर्वपक्ष आहे. खरा प्रश्न, मिश्र गट आणि 36 तास दिले की कोडिंग आपोआप येते, असे मानले जाते. 2017 पासूनच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनने आणि 2020 च्या ड्रग डिस्कव्हरी हॅकेथॉनने या समजाला बळ दिले.

धास्ती कमी होते, हे मला मान्य आहे. कौशल्य येते, हे मान्य नाही. डेव्हिड फेल्डन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अमेरिकेतील 53 संस्थांमधल्या जीवविज्ञानाच्या 294 पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्पकालीन प्रशिक्षण-शिबिरांना गेलेले आणि न गेलेले यांच्या संशोधन-कौशल्यात फरक दिसला नाही. ती शिबिरे होती, हॅकेथॉन नव्हे, असा आक्षेप येईल. पण शिबिरात निदान कोणीतरी शिकवते. हॅकेथॉनमध्ये घड्याळ पुढे पळत असते, म्हणून ज्याला येते तोच कोड लिहितो आणि वनस्पतिशास्त्राची मुलगी सादरीकरणाच्या स्लाइड सजवते.

शिवाय जीवशास्त्राची माहिती संगणकावर हाताळण्यातले मुख्य कौशल्य म्हणजे त्या माहितीवर संशय घेणे. 'सेप्ट-1' हे जनुकाचे नाव एक्सेलमध्ये तारीख बनत असे. जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका असल्याचे 2016 मध्ये दिसले. शेवटी अशा जनुकांची नावेच बदलावी लागली. इतक्या जाणत्यांच्या नजरेतून सुटलेली चूक पकडायला सवय लागते, आणि सवयीला महिने लागतात.

मग करावे काय? उदाहरणार्थ, कोल्हापुरात सामग्री हाताशी आहे. यादव आणि सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ शिवाजी विद्यापीठाने 2002 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठात वनस्पती-संग्रहही आहे. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात त्यातल्या नोंदींचा तक्ता मुलांनी स्वतः करावा : जाती, गाव, तारीख, फुलोरा. एकाच गावाची दोन स्पेलिंगे सापडतील, तारखा उलटसुलट निघतील. ते निस्तरतानाच आर किंवा पायथॉन या संगणकभाषांची गरज कळते. राधानगरीत आणि शिरोळमध्ये फुलोऱ्याचे महिने वेगळे आहेत का, हे सत्राअखेर मुलगी स्वतः तपासू शकेल. यानंतर दोन दिवसांचे हॅकेथॉन जरूर घ्या. तेव्हा तिच्या हातात तिचा तक्ता आणि तिचा प्रश्न असेल.

अभ्यासमंडळांच्या सदस्यांना विनंती आहे : हॅकेथॉनच्या बक्षिसांची रक्कम जाहीर करण्याआधी वेळापत्रकात आठवड्याला दोन तास या प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवा.