डायनिंग टेबलावर सापडलेला कॅन्सर

कॅन्सर आणि जनुकं म्हटलं की डोळ्यांसमोर मोठमोठी मशिनं येतात. मला मात्र एक डायनिंग टेबल आठवतं, शिकागोमधलं, 1972 सालचं.

त्याआधी जरा फिलाडेल्फियाला जाऊ. 1960 मध्ये तिथे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएल नावाच्या ब्लड कॅन्सरच्या पेशंट्सच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. शहरावरून त्याचं नाव पडलं फिलाडेल्फिया क्रोमोसोम. पण तुटलेला तुकडा गेला कुठे? बारा वर्षं कुणाला सांगता येईना.

ते शोधलं जॅनेट राऊली यांनी. चार मुलांची आई, मुलं लहान असताना कित्येक वर्षं पार्टटाइम काम करणारी डॉक्टर. गुणसूत्रांचे फोटो त्या घरी आणायच्या, कात्रीने एकेक कापायच्या आणि टेबलावर जोड्या लावत बसायच्या. आई कागदी बाहुल्या खेळतेय म्हणून पोरं चिडवायची! अशाच बसलेल्या असताना लक्षात आलं, की 22 नंबरचं जेवढं आखूड झालंय, तेवढंच 9 नंबरचं लांब झालंय. तुकड्यांची अदलाबदल झाली होती. 1973 मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं, तरी अनेकांना ते पटायला वेळ लागला.

ऐंशीच्या दशकात पुढचं कळलं. त्या सांध्यावर दोन जनुकं जुळून बीसीआर-एबीएल हे वेगळंच जनुक बनतं आणि त्याचं प्रोटीन पेशीला सारखं ‘वाढ, वाढ’ सांगत राहतं. मग थेट तेच बंद पाडलं तर? निकोलस लायडन यांची टीम आणि डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी त्यातून इमॅटिनिब ही गोळी पुढे आणली. 1998 मध्ये चाचणी सुरू झाली. पुरेसा डोस मिळालेल्या 54 पैकी 53 जणांच्या रक्तपेशींची संख्या नॉर्मलला आली. 2001 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि माझ्या मते ही शोधाइतकीच महत्त्वाची. ही गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं, रोज घ्यावी लागते. त्या वेळी नोव्हार्टिसच्या ‘ग्लिव्हेक’चा खर्च महिन्याला लाखाच्या वर होता, तर भारतीय कंपन्यांच्या जेनेरिकचा आठ-दहा हजार. नोव्हार्टिसला भारतात पेटंट हवं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1 एप्रिल 2013 रोजी कोर्टाने ते नाकारलं. स्वस्त गोळी दुकानात राहिली.

राऊली त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेल्या.