पुरस्कारांची नामावली आणि वाङ्मयीन निकष : ‘उचल्या’च्या संदर्भात

वाङ्मयेतिहासात पुरस्काराचा निर्देश बहुधा लेखकपरिचयाच्या शेवटच्या ओळीत येतो. पुरस्कार हा लेखकाचा गौरव असतो, साहित्यकृतीच्या आकलनाशी त्याचा संबंध नसतो, अशी यामागची धारणा. एका ग्रंथापुरती ती योग्यही असेल. परंतु एकाच भाषेतील ग्रंथांना दरवर्षी दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पुरस्काराची अनेक दशकांची नामावली समोर ठेवली, की ती त्या भाषेतील समीक्षेचा दस्तऐवज ठरते. कोणत्या काळी श्रेष्ठता कशात शोधली गेली, याची नोंद तिच्यात आपोआप होत जाते.

साहित्य अकादमीची स्थापना १९५४ साली झाली आणि १९५५पासून भाषानिहाय पुरस्कार सुरू झाले. मराठीतील पहिला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास मिळाला. पुढच्याच वर्षी बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ला तो मरणोत्तर देण्यात आला. त्यानंतर रा. भा. पाटणकरांचे ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७५), शरच्चंद्र मुक्तिबोधांचे ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ (१९७९) आणि प्रभाकर पाध्ये यांचे ‘सौंदर्यानुभव’ (१९८२) हे ग्रंथ सन्मानित झाले. ज्यांच्या शीर्षकातच ‘सौंदर्य’ हा शब्द आहे असे चार ग्रंथ सत्तावीस वर्षांत एका भाषेच्या यादीत यावेत, ही गोष्ट दुर्लक्षणीय नाही. मर्ढेकरांचा लयवाद आणि मुक्तिबोधांची मार्क्सवादी मूल्यदृष्टी यांच्यात कितीही अंतर असले, तरी साहित्याचा मूलभूत प्रश्न सौंदर्याच्या परिभाषेत मांडला जातो, हे या यादीने गृहीत धरलेले दिसते.

याच यादीत दुसरा एक प्रवाह आहे, तो आत्मपर लेखनाचा. चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ (१९५८) हे नटाचे आत्मचरित्र. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७२) हे वारल्यांच्या लढ्याचे कथन; पण ते त्यांच्यात जाऊन काम केलेल्या कार्यकर्तीने केलेले. १९८१ साली लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला पुरस्कार मिळाला, तेव्हा ज्याचे जगणे तोच निवेदक झाला. ‘उपरा’ कालक्रमाने मुक्तिबोध आणि पाध्ये यांच्या सौंदर्यग्रंथांच्या नेमका मध्ये येतो. अनुभवाची साक्ष आणि सौंदर्याची मीमांसा या दोन कसोट्या एकाच यादीत शेजारी उभ्या राहिल्या. त्यांचा परस्परसंबंध मात्र कोणी स्पष्ट केला नाही.

१९८८ साली हा प्रश्न अधिक तीव्रपणे पुढे आला. त्या वर्षी लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनास पुरस्कार मिळाला. गायकवाडांचे गाव लातूर तालुक्यातील धनेगाव. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा प्रदेश उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होता. म्हणून ‘उचल्या’तील बालपण हे त्या अविभाजित जिल्ह्यातील बालपण होय. पोलिसांची झडती आणि मारहाण, जमातीत शाळेचे नावही नसताना शिकू लागलेला मुलगा, गिरणीतील कामगारी आणि पुढे चळवळ, असा या कथनाचा प्रवास आहे.

या अनुभवामागे कायद्याचा इतिहास आहे. ब्रिटिश सरकारने १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा शिक्का रद्द झाला आणि त्या ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. परंतु पोलीस ठाण्याची आणि गावाची नजर कायद्याबरोबर बदलली नाही. ज्या राज्यसंस्थेच्या कागदांत या माणसाच्या पूर्वजांची नोंद संशयित म्हणून झाली, तिच्याच निधीवर चालणाऱ्या संस्थेने त्याला मराठीचा श्रेष्ठ लेखक म्हणून नोंदवले. याला केवळ न्यायाची भरपाई म्हणणे सोपे आहे. पण त्यामुळे ग्रंथाचे वाङ्मयीन मोल बाजूला पडते.

ते मोल शीर्षकापासूनच जाणवते. ‘उचल्या’ ही समाजाने दिलेली शिवी आहे. लेखक ती नाकारत नाही किंवा तिच्याबद्दल खुलासाही करीत नाही. ती स्वतःच्या ग्रंथाचे नाव म्हणून उचलतो. पुरस्कारानंतर दहा वर्षांनी, १९९८ साली, अकादमीनेच इंग्रजी अनुवाद प्रकाशित केला, त्याचे शीर्षक आहे ‘द ब्रँडेड’, म्हणजे डागलेला. मराठी शब्द कृतीकडे बोट दाखवतो, तर इंग्रजी शब्द डाग देणाऱ्याकडे. अनुवादात आरोपाची दिशा उलटली आणि मूळ शीर्षकातील उपरोध हरवला. राष्ट्रीय मान्यतेने ग्रंथाला अन्य भाषांत वाट मिळते हे खरे. त्या वाटेवर त्याचा अर्थही बदलत जातो.

असाच बदल मराठी अभ्यासक्रमांतही घडला. ‘उचल्या’ तेथे ‘दलित आत्मकथन’ या सर्वसमावेशक शीर्षाखाली शिकवले जाते. अस्पृश्यतेचा अनुभव आणि जन्मसिद्ध गुन्हेगारीचा अनुभव यांत नाते आहे, एकरूपता नाही. एकाला गावकुसाबाहेरची का होईना, पण ठरलेली जागा असते. दुसऱ्याचे गावात असणे हाच संशयाचा विषय असतो. हा भेद पुसला, की धनेगावचा मुलगा कोणत्याही गावचा होतो आणि त्याच्या कथनाची विशिष्टता मावळते.

१९९६ साली शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहिले, तेव्हा त्या दोन कसोट्यांमधील संबंधाचा प्रश्न निदान उघडपणे विचारला गेला. त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप बाकी आहे. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन ना. धों. महानोर या अकादमी पुरस्कारप्राप्त कवीने केले. आसाराम लोमटे (२०१६), श्रीकांत देशमुख (२०१७), अनुराधा पाटील (२०१९) यांच्यामुळे मराठवाडा या नामावलीत ठळक झाला आहे. तरीही प्रदेशाची नावे वाढल्याने निकषांचा प्रश्न सुटत नाही. ‘सौंदर्यानुभव’ आणि ‘उचल्या’ हे दोन्ही ग्रंथ एकाच कसोटीवर श्रेष्ठ ठरतात की दोन वेगळ्या कसोट्यांवर, याचा निर्णय पुरस्कार समिती देऊ शकत नाही. ते समीक्षेचे काम आहे.