चुकीच्या जंप स्टार्टनंतर मोटारीत होणारे विद्युत बिघाड

बॅटरी उतरलेल्या मोटारीला दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीतून केबलद्वारे विद्युतप्रवाह देऊन इंजिन सुरू करण्याच्या पद्धतीस जंप स्टार्ट म्हणतात. केबल उलट जोडली गेल्यास, जास्त दाबाच्या बॅटरीला जोडल्यास किंवा चालू इंजिनावर बॅटरी काढल्यास फ्यूज, आल्टरनेटर, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण कक्ष (ईसीयू) यांपैकी एक किंवा अधिक भाग निकामी होऊ शकतात. असे बिघाड एकसारखे दिसत असले तरी त्यांची कारणे व दुरुस्तीचा खर्च यांत मोठा फरक असतो. त्यामुळे भाग बदलण्यापूर्वी क्रमवार तपासणी करणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ मध्ये लावला. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत बसवण्यात आला. त्यानंतर हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याची पद्धत मागे पडत गेली आणि मोटार सुरू होणे बॅटरीच्या स्थितीवर अवलंबून राहू लागले.

मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीत सहा घट असतात व प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना आल्टरनेटर बॅटरी भारित करतो. बोलीभाषेत त्याला आजही 'डायनेमो' म्हटले जाते, परंतु दोहोंत फरक आहे. आल्टरनेटर प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो व त्याचे डायोड त्या प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. चुकीच्या जंप स्टार्टमध्ये हेच डायोड बऱ्याचदा बळी पडतात.

चुकांचे प्रकार

उलट जोडणी: धन टोकाला ऋण केबल लागल्यास दोन्ही बॅटऱ्या एकमेकींशी मालिकेत जोडल्या जाऊन केबलमधून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. मोटारीतील दाब उलटा झाल्यास आल्टरनेटरचे डायोड वाहू लागतात आणि त्यांच्यातून जवळजवळ लघुपरिपथ तयार होतो. अशा वेळी मुख्य फ्यूज वितळला, तर पुढील बरेच नुकसान टळते. मदत करणाऱ्या गाडीचेही याच प्रकारे नुकसान होऊ शकत असल्याने तपासणी दोन्ही वाहनांची करावी लागते.

दुप्पट दाब: अनेक अवजड मालमोटारी व बसमध्ये २४ व्होल्टची विद्युतप्रणाली असते. तिच्याशी १२ व्होल्टची मोटार जोडल्यास दिवे, रिले आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. आयएसओ १६७५०-२ या आंतरराष्ट्रीय मानकात १२ व्होल्ट वाहनांच्या उपकरणांसाठी २४ व्होल्ट दाब ६० सेकंद सहन करण्याची चाचणी आहे. परंतु ही अल्पकाळाची सहनशक्ती असून वापराची परवानगी नव्हे.

चालू इंजिनावर बॅटरी काढणे: आल्टरनेटर ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढण्याची पद्धत जुन्या गाड्यांच्या काळापासून चालत आली आहे. प्रवाह घेणारी बॅटरी एकाएकी दूर झाल्यास आल्टरनेटरचा दाब क्षणभर उसळतो. संरक्षक योजना नसल्यास तो ८० व्होल्टच्या पुढेही जाऊ शकतो. संगणकीकृत मोटारींत ही चाचणी टाळणे आवश्यक असते.

निदानाचा क्रम

प्रथम किल्ली काढून केबल दूर कराव्या लागतात. बॅटरी फुगलेली, तडकलेली अथवा गळत असल्यास पुढील तपासणी न करता ती बदलणे योग्य असते. त्यानंतरचा क्रम कमी खर्चाच्या भागाकडून जास्त खर्चाच्या भागाकडे जातो.

१. बॅटरी: मल्टिमीटरवर विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट ही पूर्ण भारित बॅटरीची खूण आहे. १२ व्होल्टच्या आसपास ती जवळजवळ उतरलेली असते. भारित करूनही दाब १०.५ व्होल्टवर अडकल्यास एक घट निकामी झाल्याचा संशय येतो. मीटरची टोके बरोबर लावूनही आकडा ऋण आल्यास पूर्ण उतरलेली बॅटरी उलट भारित झाली आहे असे समजावे. अशी बॅटरी बदलावी लागते.

२. मुख्य फ्यूज: हा बॅटरीच्या धन टोकावर किंवा बॉनेटखालील पेटीत असतो. डॅशबोर्ड, दिवे व हॉर्न सर्वच बंद असल्यास प्रथम याचीच तपासणी केली जाते. फ्यूजच्या एका बाजूस दाब असून दुसऱ्या बाजूस नसल्यास तो उडालेला असतो.

३. लहान फ्यूज: रेडिओ, सेंट्रल लॉकिंग, इंधन पंप व ईसीयू यांचे फ्यूज स्वतंत्र असतात. पात्यांच्या फ्यूजमध्ये लाल रंग १० अँपिअर, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअर दर्शवतो.

४. स्टार्टर: 'सेल्फ' मारल्यावर केवळ 'टक' असा आवाज येणे हे बहुधा कमजोर बॅटरीचे किंवा सैल, गंजलेल्या टोकाचे लक्षण असते. इंजिन फिरत असताना बॅटरीचा दाब सुमारे ९.६ व्होल्टपेक्षा खाली जाऊ नये.

५. आल्टरनेटर: इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट अपेक्षित असतात. दाब १२.५ व्होल्टच्या खाली राहून घसरत गेल्यास भारण होत नाही. आल्टरनेटर बदलण्यापूर्वी त्याचा फ्यूज पाहणे आवश्यक असते. मीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवून बॅटरीवर सुमारे ०.५ व्होल्टपेक्षा अधिक आकडा आल्यास डायोड बिघडल्याची शक्यता असते. असा डायोड गाडी उभी असतानाही प्रवाह गळू देतो. त्यामुळे नवीन बॅटरीही रात्रभरात उतरू शकते.

६. ईसीयू: इंजिन फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी इंधन पंपाचा फ्यूज व इमोबिलायझरचा दिवा पाहिल्यानंतर ओबीडी स्कॅनर जोडला जातो. पी०५६२ हा संकेत कमी दाबाचा व पी०५६३ जास्त दाबाचा असतो. उतरलेल्या बॅटरीमुळेही असे संकेत साठतात. म्हणून ते नोंदवून पुसावेत आणि गाडी चालवल्यावर कोणते परत येतात हे पाहावे. स्कॅनरचा ईसीयूशी संपर्कच होत नसेल, तर त्याचा फ्यूज व अर्थिंग ठीक असल्याची खात्री झाल्यावरच ईसीयूवर ठपका ठेवता येतो.

दुरुस्ती

उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा लागतो. तांब्याची तार गुंडाळल्यास गाडी तात्पुरती चालू होते. मात्र पुढच्या लघुपरिपथात फ्यूजऐवजी वायरिंग तापून आग लागण्याचा धोका राहतो. नवा फ्यूज लगेच उडल्यास डायोड किंवा वायरिंगमधील लघुपरिपथ कायम असतो. आल्टरनेटरचे डायोड अनेकदा स्वतंत्रपणे बदलता येतात. बदललेला ईसीयू बहुतेक गाड्यांत इमोबिलायझरशी जुळवून घ्यावा लागतो, त्यामुळे हे काम खर्चिक ठरते. बॅटरी तुटल्यानंतर घड्याळ, रेडिओचा संकेतांक आणि स्वयंचलित खिडक्या पुन्हा जुळवाव्या लागणे हा बिघाड नसतो.

सुरक्षितता व योग्य जोडणी

भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असताना तो पेट घेऊ शकतो. त्यामुळे शेवटचा ऋण चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर इंजिनाच्या धातूवर लावतात. क्रम असा असतो: उतरलेल्या बॅटरीचे धन टोक, मदतीच्या बॅटरीचे धन टोक, मदतीच्या बॅटरीचे ऋण टोक व अखेरीस इंजिनाचा धातू. काढण्याचा क्रम याच्या उलट असतो. आम्ल डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे पाण्याने धुऊन वैद्यकीय मदत घ्यावी लागते. निकामी बॅटऱ्यांची विल्हेवाट भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार होते. त्या विक्रेत्याकडे परत करणे अपेक्षित असते.

नंदुरबार जिल्ह्यातील संदर्भ

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. तापी खोऱ्यातील सपाट भागात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तर सातपुड्यातील तोरणमाळ येथे हिवाळ्यात कडाक्याची थंडी असते. उष्णतेमुळे बॅटरीतील रासायनिक झीज वाढते आणि थंडीत तिची इंजिन फिरवण्याची क्षमता घटते. त्यामुळे उन्हाळ्यात कमजोर झालेली बॅटरी पुढच्या हिवाळ्यात दगा देण्याची शक्यता असते.

तळोदा-धडगाव मार्गावरील चांदसैली घाटासारख्या ठिकाणी गाडी बंद पडल्यास मिळेल त्या वाहनाची मदत घ्यावी लागते. बहुतेक ट्रॅक्टरची प्रणाली १२ व्होल्टची असते, परंतु नवापूरमार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील मालमोटारींविषयी तसे गृहीत धरता येत नाही. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या दिसल्यास ती प्रणाली २४ व्होल्टची असते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. मॅन्युअल गिअरची गाडी मोकळ्या, सपाट रस्त्यावर धक्का मारून सुरू करता येते. स्वयंचलित गिअरच्या गाडीस हा उपाय लागू पडत नाही.

हेही पहा

* शिसे-आम्ल बॅटरी
* आल्टरनेटर
* डायोड
* फ्यूज
* नंदुरबार जिल्हा